फरकाचा रकाना

पुणतांब्याच्या एसटी थांब्यावर ज्या दिवशी तो फ्लेक्स लागला, त्या दिवशी इंदूच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. फ्लेक्सवर तिचा फोटो होता, भाचीच्या लग्नातला. तो कापून घेतल्यामुळे तिच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिला होता. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'सौ. इंदूताई बी.ए. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या भजनी मंडळाची नावं. फ्लेक्समध्ये खोट काढायला जागा नव्हती. फक्त इंदू अजून बी.ए. झालेली नव्हती.

"चांगुणा, अगं निकाल कुठे लागलाय?" तिने मंडळाच्या म्होरक्या बाईला गाठून विचारलं.

"लागंल की." चांगुणा खालच्या आळीतली, शेतकऱ्याघरची, टाळ वाजवायला बसली की मृदंगवाल्यालाही तिच्या मागे यावं लागायचं. "छापनारा म्हनला, लग्नसराई लागली की दारात उभं करनार न्हाई. म्हनलं उरकून घ्यावं. तुमी काय नापास व्हनार हाय का?"

इंदू उसनं हसली. कारण आदल्याच रविवारी तिचा प्रकल्प परत आला होता, आणि ही गोष्ट घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती.

इंदू कोपरगावच्या एका कारकुनाची मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुणतांब्याच्या सुमंतांचं स्थळ आलं, नि पुस्तकं माळ्यावर गेली. सासरी गंगेच्या घाटावर रामाचं छोटं खाजगी देऊळ. गोदावरीला तिथे सगळे गंगाच म्हणतात. सुमंत देवळाची पूजा करायचे, गावोगावची सत्यनारायणं, वास्तुशांती करायचे, आणि इंदू नैवेद्य, निरांजनं, येणाऱ्याजाणाऱ्यांचं पाणी बघायची. मुलगा सुश्रुत पुण्याला नोकरीला लागला, मुलगी देवश्री शिकायला नाशिकला गेली. घर रिकामं झालं, तेव्हा देवश्रीनेच मोबाईलवर मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. "आई, आमच्याकडून 'फरक स्पष्ट करा' घोकून घ्यायचीस ना, आता तू स्पष्ट कर," असं म्हणाली होती ती.

इंदूने अभ्यास केला तो पारायणासारखा. सकाळची आंघोळ, पूजा झाली की पाटावर बसायचं, अर्थशास्त्र पहिल्या पानापासून उघडायचं, एकही ओळ गाळायची नाही. पान मुडपायचं नाही, तुळशीचं वाळलेलं पान खूण म्हणून ठेवायचं. पुस्तक मिटताना त्याला नमस्कार करायचा. लेखी पेपर त्या जोरावर सुटले. पण ह्याच सवयीने तिचा घात केला होता. पोथी वाचणाऱ्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, की दोन पोथ्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत. पाडताना दिसल्या, तर चूक वाचणाऱ्याची. इंदूने इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र ही तीनही पुस्तकं तशीच वाचली होती.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. एकच विषय घ्यायचा आणि वेगवेगळी शास्त्रं त्याच्याकडे कशी बघतात, ते ताडून बघायचं. तिने 'आमच्या गावची गंगा' घेतला. शेवटी एक तक्ता होता, त्यात दोन रकाने. 'साम्य' ह्या रकान्यात तिने इतकं लिहिलं की पुरवणीचा कागद लावावा लागला. 'फरक' ह्या रकान्यात एकच ओळ होती: 'विशेष फरक आढळत नाही.'

त्या ओळीभोवती तांबडं वर्तुळ काढून प्रकल्प परत आला होता. रामनवमीनंतरच्या रविवारी तोंडी परीक्षा. नोंदणीची मुदत ह्याच वर्षी संपत होती. आता राहिलं तर आधीचे सुटलेले पेपरही वाया जाणार होते, आणि ह्या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बळ आपल्यात नाही, हे इंदू जाणून होती.

श्रीरामपूरच्या अभ्यासकेंद्रात शिकवायला सहादेव सर होते. पाथर्डीकडचे, वयाने सुश्रुतएवढे. तिने वही पुढे केली, तेव्हा ते हसले नाहीत, हे तिला बरं वाटलं.

"काकू, तुम्ही तीन पाहुण्यांना एका पंगतीला बसवलं आणि तिघांना एकच वाढलं," ते म्हणाले. "त्यातल्या कुणाला पथ्य आहे का, ते विचारलंच नाही."

"सर, तिघंही नदीबद्दलच बोलतात की."

"बोलतात. पण प्रत्येकाला विचारा, बाबा, तुला हे कळलं कशावरून? तिथे तिघं वेगळे होतील." त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे बघा. मोठ्या पुराचं पान. 'गंगेचं पाणी देवाच्या पायाला लागलं आणि ओसरलं.' हे इतिहासातही लिहिलंय आणि भूगोलातही. भूगोलाला हे कुणी सांगितलं?"

"आमच्या घरात सांगतात."

"मग इतिहासात राहू द्या, 'सांगतात' म्हणून. भूगोलाला उंची लागेल. कुणीही पुन्हा मोजली तरी तेवढीच येईल अशी." सरांनी वही मिटून परत दिली. "बाहेरच्या परीक्षक मॅडम येणार आहेत. त्या हेच पान उघडतील, सांगून ठेवतो."

परतीच्या गाडीत इंदू जप करत होती, पण मणी कुठवर आला ते तीनदा चुकलं. कारण ते पान म्हणजे तिच्या सासरचा मानबिंदू होता. सुमंतांच्या आजोबांच्या काळात गंगेला मोठा पूर आला, पाणी देवळात शिरलं, रामाच्या पायाला लागलं, आणि पाय शिवताच उतरू लागलं. सुमंत ही गोष्ट प्रत्येक यात्रेकरूला सांगत. देवाच्या पायाखाली चौथऱ्यावर गेरूची एक रेघ होती, पाणी इथवर आलं त्याची खूण. लोक त्या रेघेला डोकं टेकत. आणि दर रामनवमीच्या आदल्या दिवशी ती रेघ नव्याने ओढायचं काम सासूबाईंच्या पश्चात इंदूचं होतं.

त्याच पुराची दुसरी खूण खालच्या आळीत होती, चांगुणाच्या घराच्या दगडी चौकटीवर, छिन्नीने कोरलेली. हळदीकुंकवाला गेली की इंदू तिलाही हात लावून नमस्कार करी. दोन्ही खुणा तिने आयुष्यभर बघितल्या होत्या. शेजारी शेजारी मात्र कधी ठेवल्या नव्हत्या. आता गाडीत बसल्या बसल्या त्या आपोआप शेजारी येऊन बसल्या, नि एकाच उंचीच्या वाटेनात.

घरी येऊन ती मोरीपाशी नुसतीच उभी होती, तेव्हा चांगुणा कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. इंदूने मग तिला सगळं सांगून टाकलं. नाहीतरी फ्लेक्स तिनेच लावला होता.

"म्हंजी फरक काढायचाय," चांगुणा म्हणाली, "आन् तुमाला सुचत न्हाई?"

"सुचत नाही असं नाही. नको वाटतो. आयुष्यभर हेच ऐकलं, भेद करू नये. आणि जिथे केला, तिथे काय झालं ते तुला ठाऊक आहे."

मोरीच्या खिडकीत पूर्वी एक कानतुटका कप असायचा, चांगुणाला चहा द्यायचा. सासूबाई गेल्या, त्या महिन्यात इंदूने तो फेकला होता. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

चांगुणाने खिडकीकडे पाहिलं, मग पाण्याच्या ओट्याकडे. तिथे तीन हंडे होते. एक देवाच्या सोवळ्याचा, एक पिण्याचा, एक वापरायचा.

"पानी एकाच नळाचं," ती म्हणाली, "हंडे तीन. वापरायच्या हंड्यातला तांब्या देवाच्या हंड्यात बुडाला तर तुमी घर डोक्यावर घेता. आन् म्हनं फरक नको वाटतो."

इंदूला हसू आलं, मग रडूही.

"कपाचं येगळं हुतं वहिनी. त्यात मला खाली बसवायचं हुतं. आता म्हशीचं दूध हे गाईचं न्हाई म्हनलं, तर गाईचा अपमान झाला व्हय?" तिने पदर खोचला. "घर बांधताना आनलेली लेव्हलची नळी हाय आमच्या माळ्यावर. गवंडी वापरतात ती. तुमच्या रामापत्तोर जाती का बघू."

सुमंत राहात्याला सत्यनारायणाला गेले होते. दोघींनी पाणी भरलेली ती पारदर्शक नळी चांगुणाच्या चौकटीवरल्या खुणेला लावली. एक टोक चांगुणाने धरलं, दुसरं इंदूने. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर थांबतं, म्हणून इंदूच्या टोकाला पाणी जिथे थांबलं तिथे भिंतीवर खडूची खूण केली. मग चांगुणा त्या खुणेपाशी आली आणि इंदू नळी घेऊन आणखी पुढे गेली. असे मुक्काम करत आळी चढायची. आळी जशी चढत होती, तशी खडूची खूण जमिनीकडे उतरत होती. छातीशी असलेली खूण कमरेला आली, मग गुडघ्याला.

"काय, गटाराचं माप का?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं.

"व्हय," चांगुणा म्हणाली, "तुमच्या सैपाकघरातनं काढतोय."

इंदू मनात रामरक्षा म्हणत होती. देवा, थोडी वर चढू दे खूण, एवढंच तिचं मागणं होतं. पण नळीतल्या पाण्याला कुणाचं ऐकू येत नाही. शेवटची खूण देवळाच्या बाहेरच्या ओट्यावर, वरच्या पायरीपाशी पडली. पाणी पायरीवर आलं असणार, उंबऱ्याच्या आत नाही. गेरूची रेघ तिथून चांगली कमरेएवढी वर होती. आपलं काही चुकलं असेल म्हणून इंदूने उलटं, देवळापासून खाली, पुन्हा मोजायला लावलं. उत्तर तेच आलं.

"छिन्नीची खूणच खाली कोरली असेल," इंदू म्हणाली.

"आसंल. पर मग आमचा आजा खोटा." चांगुणा नळी गुंडाळत होती. "एक तर तुमचा, न्हाईतर आमचा."

संध्याकाळी सुमंत आले. त्यांनी सोवळं घडी करून ठेवलं, पाटावर बसले, सुपारी कातरायला घेतली. इंदूने चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. अडकित्ता थांबला.

"म्हणजे आजोबा खोटं बोलले."

"असं मी लिहिलेलं नाही अहो."

"मग काय लिहिणार आहेस?"

इंदूने चहा गाळून कप पुढे ठेवला. चहावर साय धरली, तरी कुणी कप उचलला नाही. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. हाक होती, उत्तर होतं, पण मधलं काही नव्हतं. इंदूने रात्रीच्या पोळ्या जाळल्या, सकाळी देवाला वाहायची फुलं फ्रीजमध्ये विसरली. थांब्यावरून जाताना ती फ्लेक्सकडे पाठ करून चाले. शेवटी तिने हात जोडले, तेव्हा चांगुणाने तो उतरवला आणि काढणीच्या कांद्यावर पालथा पसरला. "निकाल लागूस्तवर कांदा तरी भिजनार न्हाई," म्हणाली.

रामनवमीच्या आदल्या दिवशी इंदू गेरूची वाटी आणि काडी घेऊन गाभाऱ्यात गेली. रेघ फिकी झाली होती. तिने काडी गेरूत बुडवली आणि तशीच धरून ठेवली. मागे सुमंत समया घासत बसले होते.

"अहो, रेघ ओढू का?"

सुमंतांनी चिंचेचा चोथा समईवर दोनदा फिरवला.

"ओढ," ते म्हणाले. मग समईकडेच बघत बोलले, "सहा वर्षांचे होते आजोबा तेव्हा. त्यांच्या वडिलांनी खांद्यावर घेऊन घाटावरून बाहेर काढलं. पाणी बघितलं ते खांद्यावरून, आणि रडत. एवढं मला त्यांनी सांगितलं होतं. मी लोकांना ते सांगत नाही."

इंदूने रेघ ओढली. ती थोडी वाकडी आली.

"पण परीक्षेत आपल्या देवाचं नाव काढू नकोस," सुमंत म्हणाले.

"नाव काढलं नाही, तर कशातला फरक सांगू?"

त्यांनी पुढची समई घासायला घेतली. होकार नाही, नकारही नाही. तेवढ्यावर रविवार उजाडला.

श्रीरामपूरला सुमंत बरोबर आले. न बोलता आले, पण आले. परीक्षेच्या खोलीबाहेर बाक होता, त्यावर ते उपरणं सावरून बसले. खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्याला बोळा लावून अर्धवट लोटलेलं होतं. आत जाताना इंदूच्या लक्षात आलं, की बाकावर सगळं ऐकू जाणार.

परीक्षक मॅडम नगरहून आल्या होत्या. शांत, चष्मेवाल्या. त्यांनी प्रकल्प चाळला आणि सहादेव सर म्हणाले होते तेच पान उघडलं. 'फरक' हा रकाना आता भरलेला होता, पण त्यातली शाई दोन ठिकाणी फुटली होती.

"ताई, पूर एकच. मग तीन शास्त्रं तीन गोष्टी का सांगतात?"

शेवटी सगळं एकच असतं, हे वाक्य इंदूच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. किती सोपं होतं ते.

"त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, मॅडम. भूगोल विचारतो, पाणी किती चढलं. त्याला माप लागतं, आणि ते माप दुसऱ्या कुणी घेतलं तरी तेच यावं लागतं. आम्ही नळी लावून दोनदा मोजलं. पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं, देवाच्या पायापर्यंत नाही."

बाहेर बाक करकरला.

"मग तुमच्या घरातली गोष्ट खोटी?"

"इतिहास असं लगेच म्हणत नाही. पूर पुन्हा आणून बघता येत नाही त्याला. तो विचारतो, सांगणारा कोण, कुठून बघत होता. आमच्याकडे सांगणारा सहा वर्षांचा मुलगा होता, बापाच्या खांद्यावर बसून रडत बघत होता. पाणी किती होतं ह्याला ही गोष्ट पुरावा नाही. पण लोक किती भ्याले होते, ह्याला आहे. ते नळीत सापडत नाही." "खालच्या आळीतल्या चौकटीवरची खूण तरी कुणी, कधी कोरली, हेही त्याने विचारायला हवं. ते मला कळलेलं नाही. तसं लिहिलंय."

"आणि अर्थशास्त्र?"

हे तिने लिहिलं होतं, पण अजून मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं.

"अर्थशास्त्र विचारतं, पुराने कुणाचं गेलं आणि कुणाला मिळालं. खालच्या आळीची घरं गेली. त्यांच्या रानात गाळ बसला, पुढे पीक चांगलं आलं. आणि आमच्या घरात..." तिने दाराकडे बघितलं नाही. "त्या गोष्टीमुळे आमच्या देवळात लोक येऊ लागले. आमच्या घरात शिधा येतो तो त्या गोष्टीवर येतो."

मॅडमनी चष्मा काढला. "ह्या तिघांतलं तुम्ही कुठलं खरं मानता?"

"परीक्षेत तिन्ही, आपापल्या जागी. घरी सकाळी दिवा लावते, तेव्हा मी काहीच विचारत नाही. पण तो चौथा हंडा आहे, मॅडम. तो इथे आणला नाही."

मॅडमना हंडा कळला नसावा. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि "या" म्हणाल्या. इंदू बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता.

सुमंत फाटकाबाहेर रसवंतीपाशी उभे होते. दोघं गाडीत बसली. श्रीरामपूर मागे पडलं, उसाची वाहनं मागे पडली. आपण पास होणार की नाही, हा विचारही आता इंदूच्या मनात नव्हता. शेजारच्या माणसाचा श्वास कसा चालला आहे, एवढंच ती ऐकत होती.

"शिधा काढायची गरज होती?" अखेर सुमंत म्हणाले.

"अर्थशास्त्राने विचारलं."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "अर्थशास्त्र तुझ्या माहेरचं दिसतंय," म्हणाले. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी आधी तिच्यापुढे धरली.

निकाल उन्हाळा संपताना लागला. इंदू द्वितीय श्रेणीत पास झाली. देवश्रीने मोबाईलवर सांगितलं, तेव्हा इंदूने तीनदा नंबर ताडून घ्यायला लावला. चांगुणाने कांद्यावरचा फ्लेक्स काढून झटकला, तर टरफलं उडून इंदूच्या फोटोला चिकटली ती चिकटलीच. एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलं होतं आणि त्यात तीन शुभेच्छुकांची नावं गेली. त्यातली एक बाई अजून रुसलेली आहे. तरी तो पुन्हा थांब्यावर लागला, टरफलांसकट.

पुढच्या एकादशीला वैजापूरकडचं एक कुटुंब दर्शनाला आलं. सुमंतांनी नेहमीसारखी गोष्ट सुरू केली. इंदू निरांजनात वाती घालत होती. 'पाणी देवाच्या पायाला लागलं' ह्या वाक्याच्या आधी ते क्षणभर अडखळले.

"आजोबा सांगायचे," ते म्हणाले, "पाणी देवाच्या पायाला लागलं."

हे दोन शब्द इतक्या वर्षांत कधी तिथे नव्हते. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रेघेकडे बघितलं, वाकडी कशी म्हणून जरा निरखलं, आणि विचारलं, "म्हणजे गुरुजी, खरंच लागलं होतं का पाणी?"

"ते हिला विचारा," सुमंत म्हणाले. "ही बी.ए. आहे."

सगळ्यांची तोंडं इंदूकडे वळली. तिने हातातलं निरांजन खाली ठेवलं, पदराला तेलाचे हात पुसले आणि म्हणाली, "बसा जरा. एका वाक्यात सांगण्यासारखं नाही ते."